पाठीला साडेचार, तोंडाला शून्य

आरसा आला तेव्हा मी तो आधी वाजवून बघितला. सांगलीच्या पेठेत पस्तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवल्यावर हाताला तीच खोड लागते. जिन्नस हातात आला की टिचकी आधी, बाकी सगळं नंतर. कासं असेल तर टणऽऽण करून आवाज लांबत जातो, आपण गिऱ्हाइकाशी दुसरं बोलायला लागलो तरी मागे गुणगुणत राहतो. हा आरसा 'ठप्प' बोलला. माझं तोंड तिथंच उतरलं, पण समोर मुलगी कौतुकानं बघत होती, म्हणून मी 'छान आहे गं' म्हटलं.

वस्तू अशी: चीनच्या हान काळातल्या, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या, कांस्य आरशाची प्रतिकृती, ऑनलाइन मागवलेली. व्यास १६ सेंटिमीटर, वजन आमच्या दुकानातल्या काट्यावर ६८० ग्रॅम, किंमत ४,२०० रुपये. अकरा दिवसांत घरपोच आला, खोक्यात भरपूर स्पंज होता, त्याबद्दल तक्रार नाही. जाहिरातीत 'अस्सल कांस्य', म्हणजे आमचं कासं, तांबं आणि कथील, असं लिहिलेलं, आणि खाली 'फेंगशुई आरसा, दारावर लावा, नकारात्मक ऊर्जा परतवा' असंही. दारावर लावतात तो अष्टकोनी आरसा वेगळा, हा वेगळा. पण ते जाऊ दे.

मुलीनं तो मला एकसष्टीला दिला, त्याला कारण आहे. जावयांची बदली शांघायला होती तेव्हा मी महिनाभर तिकडे राहून आले. तिथल्या संग्रहालयाची १९९६ सालची इमारत खाली चौकोनी आणि वर गोल आहे, कारण जुन्या चिनी समजुतीप्रमाणे आकाश गोल आणि धरती चौकोनी. कांस्याच्या दालनात मी शिरले ती बाहेर येईना. जावई दोनदा शोधत आले. एवढे आरसे आणि सगळेच्या सगळे पालथे! काचेमागे सगळ्यांची पाठ आपल्याकडे. तोंड कुणाचंच दिसत नाही. मला तेव्हा ते नुसतंच गमतीचं वाटलं होतं.

आधी पाठीबद्दलच लिहिते, कारण चांगलं बोलायचं ते तिथंच आहे.

मधोमध गोल घुंडी, लिंबाच्या फोडीएवढी. मूळ आरशात तिला आरपार भोक असतं आणि त्यात रेशमी दोरी ओवून आरसा हातात धरतात किंवा टांगतात. घुंडीभोवती चार पाकळ्या, त्याभोवती चौकोन. चौकोनाच्या आत बारीक बारा बुंदकी आणि त्यांच्यामध्ये बारा अक्षरं. ही चिनी कालगणनेतली बारा चिन्हं, उंदीर, बैल, वाघ, ससा वगैरे ज्यांना जोडलेत ती. चौकोनाच्या चारी बाजूंच्या मधून बाहेर निघतो इंग्रजी 'टी'सारखा आकार, त्याच्यासमोर बाहेरच्या वर्तुळाला चिकटून 'एल', आणि कोपऱ्यांसमोर 'व्ही'. त्यावरूनच या आरशांना टी-एल-व्ही आरसे म्हणतात. चिनी नाव याहून छान आहे, त्याचा अर्थ 'कंपास आणि गुण्या'. म्हणजे सुताराची हत्यारं. एकानं गोल काढायचं, दुसऱ्यानं चौकोन. आकाश आणि धरती झाली.

दुसरा अर्थ मला जास्त आवडला. हान काळात ल्यूबो नावाचा पटावरचा खेळ होता आणि त्याच्या पटावर नेमक्या याच खुणा असायच्या. एका आरशाच्या लेखात तर सरळ म्हटलंय की अशुभ टळावं म्हणून हा पट कोरला. आपला सारीपाट कुणी पितळी डब्याच्या झाकणावर कोरावा तसं. आमच्या आजीच्या माहेरी कापडाचा सारीपाट होता, फुलीच्या आकाराचा. तो घडी घालून ठेवतानाही ती त्यावर पाय पडू द्यायची नाही.

टी-एल-व्हीच्या मधल्या जागेत चार दिशांचे चार प्राणी पळताहेत: पूर्वेला निळा-हिरवा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला तांबडा पक्षी, उत्तरेला काळा योद्धा. हा योद्धा म्हणजे कासवाला विळखा घातलेला साप. प्रतिकृतीत वाघ फार चांगला उतरलाय. मान मागे वळवलेली, शेपूट उचललेलं, एका रेघेत पूर्ण वाघ. आजकाल देवघराच्या पितळी समया-निरंजनांवर जे मोर येतात ते बघून डोळे दुखतात, त्यापुढे हा वाघ म्हणजे फारच झालं. कासव मात्र भाकरीसारखं सपाट झालंय.

त्याबाहेर लेखाचा पट्टा, मग बारीक उभ्या रेघांचा, मग त्रिकोणांचा. हा त्रिकोणांचा पट्टा बघून दुकानातल्या पोरीनं 'काकू, नारळी काठ' म्हटलं आणि बरोबर म्हटलं. मला तो करंजीचं कातणं फिरवल्यासारखा वाटला. शेवटी कडेला ढगांची नागमोडी वेल. एवढं सगळं १६ सेंटिमीटरात, आणि तरी दाटी वाटत नाही. नजर घुंडीपासून निघते आणि पायरी-पायरीनं काठाशी येते. दोन हजार वर्षांपूर्वी हे मातीच्या साच्यात उलटं कोरून ओतायचे. आम्हाला डब्यावर गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं तर मशीन लागतं, तरी 'पाटील'चा 'पाटिल' होतो.

आता नातीची गोष्ट. दहा वर्षांची आहे. तिनं वहीचा कागद आरशावर ठेवला आणि आपण नाण्याची छाप काढायचो तशी पेन्सिल घासली. धातूवर जे नीट दिसत नव्हतं ते कागदावर लख्ख उठलं. चिनी विद्वान शेकडो वर्षं हेच करत आलेत, ओला कागद चिकटवून त्यावर शाईची पुरचुंडी टिपायची. तर ती छाप बघता बघता पोरगी म्हणाली, "आजी, हे अक्षर दोनदा आलंय." मला चिनी वाचता येत नाही, तिला तर नाहीच. पण आकार कळायला लिपी कशाला यायला हवी? मुलीनं शांघायला काढलेले फोटो उघडून आम्ही बाराही अक्षरं एकेक करून लावली. 'उंदीर' दोनदा, 'घोडा' गायब. उंदीर उत्तरेचा, घोडा दक्षिणेचा. म्हणजे या आरशात दोन्हीकडे उत्तरच आहे. तांबडा पक्षी बिचारा दक्षिणेला उभा, पायाखाली उत्तर. वास्तुवाल्यांना दाखवायची सोय नाही. पाठीचा अर्धा तारा कापला तो यासाठी.

लेखाची भानगड याहून मोठी. विक्रेत्यानं सोबत दिलेल्या कागदावर अर्थ होता आणि तो बरोबर होता, कारण हा लेख आरशांवर नेहमी येणारा आहे: हानच्या राज्यात चांगलं तांबं आहे, ते दान्यांगहून येतं, त्यात चांदी-कथील मिसळलं की स्वच्छ उजळतं. मग डावीकडे ड्रॅगन, उजवीकडे वाघ, ते दिशा सांभाळतात, वगैरे. वाचून मला हसूच आलं. ही तर आमच्याच धंद्याची भाषा! माल कुठला, मिसळण काय, गुण काय. काही आरशांवर शांगफांग, म्हणजे बादशहाच्या कारखान्याचं नाव येतं, की आम्ही घडवलेला हा आरसा खरोखर फार कौशल्याचा आहे, आणि वर ज्यांना म्हातारपण ठाऊक नाही असे सिद्ध पुरुष आहेत, ते तहान लागली तर रत्नझऱ्याचं पाणी पितात, भूक लागली तर बोरं खातात. वांग मांगनं हानांची गादी बळकावली आणि इसवी सन ९ ते २३ 'शिन' नावानं राज्य केलं, तेव्हा आरशांवर लगेच 'शिनच्या राज्यात चांगलं तांबं आहे' असं यायला लागलं. सरकार बदललं की चौकातला फोटो बदलतो, ते काही आजचं नाही.

तर असा लेख, ज्यात कथील घातल्याची शपथ आहे, तो या विक्रेत्यानं जशाच्या तसा पितळेवर ओतलाय, ज्यात कथलाऐवजी जस्त असतं.

पितळ आहे हे मला टिचकीतच कळलं होतं, पण आरोप करायचा तर पुरावा पाहिजे. पाठीवर जो हिरवा थर होता, 'दोन हजार वर्षांचं रूप', त्याला मी कापसावर नेलपॉलिश काढायचं पाणी घेऊन पुसलं. कापूस हिरवा, धातू पिवळा. २०१९ च्या पुरात आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर तांब्या-पितळेचे ढीग आठवडे चिखलात पडले होते. खरा कळंक कसा असतो, तो चिंच-मिठाला किती दाद देतो आणि कुठे हट्टाला बसतो, हे आम्ही सगळ्यांनी महिनाभर बोटांनी शिकलंय. तो कापसानं जात नाही.

नक्कल केली म्हणून मी रागावलेली नाही, हे सांगायला हवं. चीनमध्ये सोंग राजवंशाच्या काळात, ९६० ते १२७९, हान आणि तांग या आधीच्या राजवंशांच्या आरशांच्या नकला भरपूर ओतल्या गेल्या. त्यांतही कथील कमी आणि शिसं जास्त पडलं. नावच सोंग, त्याला मी काय करू. पण त्यांनी तोंड घासून चेहरा दिसेल एवढं तरी केलं.

आणि इथं खरी तक्रार सुरू होते. आरसा उलटला तर समोर काय? काळपट चकचकीत, वरून लाखेचा हात मारलेला पत्रा. त्यात चेहरा दिसत नाही, चेहऱ्याची जागा दिसते. विक्रेत्याला फोन करून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हा शोपीस आहे, मागची बाजू बघायची." मग नाव आरसा कशाला ठेवलंत? डिझाइनची ताटली म्हणा, कोस्टर म्हणा. घुंडीचं भोकसुद्धा बुजलेलं, दोरी ओवायची सोय नाही. म्हणजे धरायचाही नाही, टांगायचाही नाही, बघायचाही नाही.

शांघायच्या काचेमागे आरसे पालथे का होते, ते मला या फोनच्या वेळी उमगलं. तोंडं गंजून गेली, पाठी राहिल्या. पुस्तकात फोटो पाठीचे, जाहिरातीत फोटो पाठीचे. नक्कल करणाऱ्यानं बिचाऱ्यानं आरशाचं तोंड कधी बघितलेलंच नाही.

मी तो कुपवाडच्या एमआयडीसीत एका बफिंगवाल्याकडे नेला. आमची भांडी तो वीस वर्षं उजळतो. त्यानं कडेला चाक टेकवलं आणि लगेच काढलं. "काकू, पितळ हाय. वर निकेल मारलंय, त्यावर लाख." म्हटलं, सगळं उतरव. त्यानं एमरी पेपरनं सपाट केला, मग कापडाच्या चाकावर अर्धा तास. भोकही पाडून दिलं. पैसे घेतले दीडशे. आरसा हातात घेऊन बघितलं तर मी दिसले खरी, पण अशी पिवळी की अंगाला हळद लावून बसलेली नवरी. सांगलीत हळदीला तोटा नाही हे मान्य, पण एकसष्टीला?

हान काळातल्या आरशात साधारण बावीस ते सव्वीस टक्के कथील असायचं, थोडं शिसं, बाकी तांबं. एवढं कथील पडलं की तांब्याचा तांबडेपणा मरतो आणि धातू चांदीसारखा पांढरा निघतो. आपल्या काशात शंभरात बावीस कथील असतं, म्हणजे आजीची तळपाय घासायची काशाची वाटी या आरशांची चुलत बहीणच. फरक एवढाच की कासं तापवून ठोकतात आणि आरसा नुसता ओतलेला, त्यामुळे तो काचेसारखा ठिसूळ. पडला की तुकडे. चीनमध्ये एक जुनी गोष्ट सांगतात. चेन राज्य बुडणार हे दिसल्यावर राजकन्या लेचांग आणि तिचा नवरा यांनी आरसा फोडून अर्धा-अर्धा वाटून घेतला, पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला बाजारात अर्धा विकायला ठेवायचा ही खूण. पुढे त्या दोन तुकड्यांमुळेच त्यांची गाठ पडली. माझा हा आरसा त्यांच्याकडे असता तर संसार संपला असता. हा वाकेल, फुटणार नाही.

मग नातीनं फर्माईश केली. तिनं कुठेतरी वाचलेलं की काही चिनी आरशांवर ऊन पाडलं तर पाठीची नक्षी भिंतीवर उमटते. हे खरं आहे. शांघायच्या त्याच संग्रहालयात असा हान काळातला आरसा आहे, त्यावर 'सूर्याचा प्रकाश दिसताच जग उजळून निघतं' अशा अर्थाचा लेख. अकराव्या शतकात शेन कुओ नावाच्या गृहस्थानं यावर लिहून ठेवलंय. नक्षीमुळे धातू कुठे जाड, कुठे पातळ. ओतल्यावर निवताना आणि पुढे घासताना तोंडावर डोळ्याला न दिसणारे चढउतार राहतात, आणि ऊन तेवढं बरोबर पकडतं. म्हणजे पाठीवरचा ड्रॅगन तोंडातही असतो, फक्त लपलेला. हे वाचल्यापासून मला त्या पालथ्या आरशांचं फारच वाईट वाटतं.

आम्ही गच्चीवर जाऊन सकाळचं ऊन आमच्या आरशावर घेतलं आणि पाण्याच्या टाकीवर पाडलं. पिवळा, फाटका, ऑम्लेटसारखा डाग पडला. नात म्हणाली, "ड्रॅगन नाही आला, अंडं आलं."

शेवटचा उपाय माझ्या डोक्यातला. जुन्या चिनी ग्रंथात, ह्वायनानत्झू त्याचं नाव, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, असं दिलंय की आरसा साच्यातून निघतो तेव्हा धुरकट असतो. त्यावर काळ्या कथलाची पूड लावून पांढऱ्या नमद्यानं घासला की भुवईचा केस न केस दिसतो. कथील आणि घासणं! अहो, हे तर आमच्या अंगणात व्हायचं. आमच्या ओळखीचे एकच कल्हईवाले चाचा उरलेत, मिरजेकडे राहतात, महिन्यातून एकदा येतात. त्यांना आरसा दाखवला. उलटून पालटून बघितला आणि म्हणाले, "ताई, आरशाला कल्हई आजवर कुणी सांगितली नाही." पण भाता लावला. तापल्यावर पाठीवरचा उरलासुरला हिरवा रंग जळून वास सुटला, त्यानंतर नवसागराचा धूर, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाचा बोळा एका फेऱ्यात गर्रकन फिरवला. पिवळं तोंड क्षणात पांढरं झालं. ते क्षणात पांढरं होणं मी लहानपणापासून बघतेय, अजून पुरेसं झालेलं नाही.

निवल्यावर चाचांनी मऊ कापडानं उजळून दिला. आता त्यात मी दिसते. ढगातून दिसल्यासारखी, कपाळावर एक लाट येते, नाक जरा रुंद. कुंकू सरळ लागलंय की नाही एवढं कळतं. रंग जळाल्यामुळे पाठ उघडी पिवळी पडली होती, ती चिंचेनं घासून तशीच ठेवली. वाघ आता आणखी चांगला दिसतो. भोकातून लाल रेशमी दोरा ओवून खाली गोंडा बांधला. नात तो गोंडा धरून समोर उभी राहते आणि मी तोंड बघते तेव्हा तिला पाठ दिसते. मला वाटतं नक्षी पाठीवर असण्याचं कारण हेच असेल, बघणाऱ्याच्या समोरच्यालाही काहीतरी मिळावं.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी: नक्षी शिकायला, छाप काढायला, मुलांना दिशा आणि प्राणी दाखवायला हा माल ४,२०० ला महाग आहे, पण वाईट नाही. उंदीर-घोड्याकडे लक्ष देऊ नका. धातूच्या आरशात तोंड बघायची हौस असेल तर केरळचा आरन्मुळा आरसा घ्या, त्यात कथील भरपूर, चेहरा लख्ख. बोट टेकवलं तर बोट आणि प्रतिबिंब यांच्यात फट राहत नाही. पण त्याची नक्षी भोवतीच्या पितळी चौकटीत, धातूची पाठ कोरी. पाठ आणि तोंड दोन्ही एकाच ओतकामात असलेला मला अजून बाजारात भेटलेला नाही.

विक्रेत्याला मी हे सगळं कळवलं, छाप काढलेल्या कागदाचा फोटो आणि हिरव्या कापसाचाही. त्यानं भांडण न करता हजार रुपये परत दिले. मी घेतले, धंदेवाल्यानं धंदेवाल्याचे घ्यावेत. मग विचारलं, हाच साचा आहे ना तुमच्याकडे, मग कथील घालून खऱ्या काशात ओतून, एक तोंड घासून द्याल का? त्याचं उत्तर आलं: "मॅडम, त्याला गिऱ्हाईक नाही."

मी परत लिहिलंय: एक आहे, सांगलीत. आगाऊ पाठवते, पण घोडा घाला.